बॉनेटची केबल तुटली, बॉनेट उघडेना. ठाणे-नवी मुंबईकरांनो, मार्ग सुचवा

खाडीकिनारा, ऐरोली
शनिवार, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. गॅस भरायचा नोझल बॉनेटच्या आत आहे, त्यामुळे पंपावर दर वेळी बॉनेट उघडावंच लागतं. काल रात्री ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पंपावर नंबर आला, सगळे खाली उतरले, लिव्हर ओढला आणि आत तटकन काहीतरी तुटलं. लिव्हर एकदम ढिला. बॉनेट जागचं हललंसुद्धा नाही. मागे रिक्षांची ही एवढी रांग, म्हणून गाडी बाजूला घेतली आणि पेट्रोलवर घरी आणली.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. ते म्हणतात टो करून आणा, बंपर उतरवावा लागेल, नाहीच जमलं तर ग्रिल कापू. घरच्या घरी किंवा जवळच्या गॅरेजमध्ये हे होण्यासारखं आहे का? आणि तोवर पेट्रोलवर चालवली तर चालेल का? मंगळवारी बाबांना ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे.

घोडबंदरी, मानपाडा
सकाळी ८.३२

सगळ्यात आधी दोन माणसांचा उपाय करून बघा. एकाने आत बसून लिव्हर पूर्ण ओढून तसाच धरायचा. दुसऱ्याने बॉनेटच्या पुढच्या कडेला मधोमध, लोगोच्या वर, दोन्ही तळवे सपाट ठेवून खाली दाबायचं आणि झटक्यात सोडायचं. आमचं असंच उघडलं होतं. बॉनेट खाली दाबलं की हुकावरचा ताण जातो आणि अडकलेला हूक सुटतो.

मोगरा, नौपाडा
सकाळी ८.४०

घोडबंदरी, त्यांचा लिव्हर ढिला पडलाय असं लिहिलंय त्यांनी. केबल तुटली असेल तर आतून ओढून काय उपयोग? तुमचा उपाय केबल ताणली गेली असेल किंवा लॉक गंजलं असेल तेव्हाचा.

घोडबंदरी, मानपाडा
सकाळी ८.४४

बरोबर. पण करून बघायला पैसे पडत नाहीत. एखादी तार शिल्लक असेल तर तेवढ्यावरही सुटतं.

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
सकाळी ९.१५

ताई, आधी हत्यार हातात घेऊ नका. केबल कुठे तुटली हे कळल्याशिवाय हात कुठून घालायचा ते ठरत नाही, आणि लोकांचे पैसे इथेच जातात. लॉकपाशी तुटलेल्या केबलसाठी चाकाकडचं अस्तर काढून बसतात, आणि आतला लिव्हर मोडलेला असतो तेव्हा बंपर उतरवतात.

रचना सांगतो. बॉनेटच्या आतल्या अंगाला, पुढे मधोमध, जाड सळईची एक कडी असते. बॉनेट बंद केलं की ती खालच्या लॉकमधल्या हुकात अडकते. लॉक रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर बोल्टने बसवलेलं असतं. हुकाच्या शेजारी छोटा खटका, आणि त्या खटक्यात केबलचं टोक. डॅशबोर्डखालचा लिव्हर ओढला की केबल खटका सरकवते, हूक सुटतो आणि स्प्रिंग बॉनेटला जरासं वर उचलते. मग फटीत बोटं घालून आपण जो दाबतो तो दुसरा खटका निराळा. त्याला केबल नसते. चालत्या गाडीत पहिलं लॉक सुटलंच तर बॉनेट काचेवर उलटू नये म्हणून तो दिलेला असतो.

केबल म्हणजे सायकलच्या ब्रेकची असते तीच. १८९६ साली अर्नेस्ट बाउडन यांनी पेटंट घेतलं, रचना आजही तीच आहे: आत पिळाची पोलादी तार, बाहेर नळी. नळी दोन्ही टोकांना पक्की बसलेली असते म्हणूनच आतली तार खेचता येते. नळीचं टोक पट्टीतून निसटलं तर तार धडधाकट असूनही लिव्हर ओढल्यावर तार आणि नळी दोन्ही सरकतात, ताण लॉकपर्यंत पोचतच नाही. बाहेरून वाटतं केबल तुटली.

म्हणून आधी लिव्हर काय सांगतो ते बघा. ओढताना घट्ट लागत असेल आणि बॉनेट उघडत नसेल, तर केबल शाबूत आहे, लॉक जाम आहे. घोडबंदरींचा उपाय तिथे लागू. ओढलेला लिव्हर तसाच बाहेर राहत असेल, परत जात नसेल, तर नळीत गंज किंवा माती बसली आहे. आणि अजिबात ताण नसेल, तर एक तर लिव्हरचं प्लास्टिक मोडलंय, किंवा तारेच्या टोकाचं निपल सुटलंय, किंवा तार तुटलीय.

आता ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याजवळचं पॅनेल काढून टॉर्चने लिव्हरच्या मागे बघा. निपल म्हणजे तारेच्या टोकाची शिशाच्या गोळीसारखी गाठ. ती लिव्हरच्या खाचेत आहे का सांगा. खाचेतून निघाली असेल किंवा लिव्हरच मोडला असेल तर तुमचं काम पाच मिनिटांचं आहे. एका हाताने नळी जागेवर दाबून धरायची, दुसऱ्या हाताने पकडीत तार धरून सरळ ओढायची. त्याच वेळी बाहेरून कोणीतरी बॉनेट दाबायचं.

निपल जागेवर असेल तर ते खाचेतून काढा आणि तार हलकेच बाहेर ओढून बघा. येते का, किती येते, ते लिहा. उरलेलं मग सांगतो.

कळवेकर
सकाळी ९.४०

एवढं कशाला? आमच्या आळीत एकाने पुढच्या फटीत सपाट टॉमी घालून उचकटलं, निघालं बॉनेट.

रंगकाम_नेरुळ
सकाळी ९.५२

कळवेकर, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. मी डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहे, अशी बॉनेटं माझ्याकडे येतात. बॉनेटची कड म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर दुमडून केलेली पट्टी. टॉमी घातली की आधी ती दुमड उघडते. रंगाला केसाएवढी चीर जाते, ती तेव्हा दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज फुटतो, आणि ऐरोली-वाशीच्या खाडीच्या हवेत तो थांबत नाही. कड पुन्हा सरळ केली तरी बॉनेट आणि हेडलाइटमधली फट दोन्ही बाजूंना सारखी येणं कठीण. शिवाय हूक पोलादी आहे, त्याआधी पत्राच वाकतो.

ग्रिल प्लास्टिकची असते. अगदी गळ्याशी आलंच तर ग्रिल तोडा, नवी मिळते. बॉनेटला हात लावू नका.

आणखी एक, बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचे पुढचे सेन्सर त्याच आडव्या पट्टीच्या आसपास असतात. तिथे हातोडी चालवायची नाही.

कळवेकर
सकाळी १०.०५

दुमडीचं माहीत नव्हतं. मान्य.

खाडीकिनारा, ऐरोली
सकाळी ११.२०

निवृत्त_फिटर काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. पॅनेलला दोन स्क्रू आणि बाकी क्लिपा होत्या. निपल जागेवर आहे, लिव्हर ठीक आहे. निपल काढून तार ओढली तर येतच राहिली, सगळीच हातात आली. मीटरभराहून बरीच जास्त आहे. टोकाला तारा विस्कटल्यात आणि शेवटचा वीतभर भाग तपकिरी, खरखरीत आहे. बाकी तार चकचकीत. आता?

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
सकाळी ११.३५

छान, निदान झालं. आता ती तार गाडीच्या बाहेरून उजव्या अंगाने लावून बघा. लिव्हर जिथे आहे तिथे निपल धरा, तार दाराच्या पुढच्या कडेवरून, मडगार्डच्या वरून, हेडलाइटकडे आणि तिथून मधोमध न्या. जिथे संपेल, तिथेच आत तुटली आहे, थोडं इकडेतिकडे.

खाडीकिनारा, ऐरोली
सकाळी ११.४८

हेडलाइट ओलांडून लोगोच्या अलीकडे संपते. साधारण वीत-दीड वीत कमी.

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
सकाळी ११.५५

म्हणजे लॉकपाशी, वळणावर. बहुतेक तिथेच तुटते. तिथे नळी वळून लॉकमध्ये शिरते, पावसाचं आणि गाडी धुण्याचं पाणी नळीच्या तोंडातून आत जातं, आणि दर ओढीला तार त्याच जागी घासते. तुमची तर गॅससाठी सारखी ओढली जाते. एकेक तार तुटत गेली असणार. गेले काही महिने लिव्हर जड लागत होता का?

तुमच्याकडे चाकाकडून जाण्यात अर्थ नाही, समोरून जायचं.

रॅम्पवाला, तुर्भे
दुपारी १२.१०

चाकाकडून कधी जायचं तेही लिहून ठेवतो, कुणाला तरी लागेल. बाहेर आलेली तार मडगार्डपर्यंतच पुरली, म्हणजे तार मध्येच तुटली आहे आणि लॉकच्या बाजूचा मोठा तुकडा नळीत शाबूत आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून उजव्या पुढच्या चाकाच्या वरचं काळं प्लास्टिकचं अस्तर अर्धं सोडवायचं. क्लिपा आणि स्क्रू असतात. क्लिपेचं मधलं बटण आधी उचलायचं, मग क्लिप, नाहीतर ती तुटते. जागा कमी वाटली तर चाक काढायचं. आत केबल बॉडीच्या कडेने हेडलाइटच्या मागे जाताना सापडते. वायरिंगचा हार्नेस शेजारीच असतो, नीट बघून घ्या, त्याला टेप गुंडाळलेली असते आणि केबलची नळी कडक असते. ब्लेडने नळी गोल कापून मागे सरकवायची, आतली तार वाइस ग्रिपमध्ये (दाबल्यावर अडकून राहणारी पक्कड) धरायची आणि पुढच्या दिशेची नळी हाताने रोखून तार ओढायची.

चाक काढलंत तर गाडी जॅकस्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नका. मागच्या चाकांना ओंडका किंवा वीट लावा, हँडब्रेक ओढा.

सीएनजीवाला, कोपरखैरणे
दुपारी १२.२५

खाडीकिनारा ताई, पेट्रोलवर चालवायचं विचारलंत. गाडी आधी नीट होती आणि टेंपरेचरचा काटा व्यवस्थित असेल तर जवळपास चालवायला हरकत नाही. पण बॉनेट बंद असताना कूलंट, ऑइल, ब्रेक ऑइल काहीच तपासता येत नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी उघडून घ्या. घोडबंदर रोडला वाहतुकीत अडकून गाडी तापली आणि बॉनेट उघडत नाही, ही वेळ बाबा सोबत असताना नको.

गॅसचा वास आला तर मात्र अजिबात नाही. पेट्रोलवर टाकून उपयोग नाही, गाडी उघड्यावर उभी करायची, इंजिन बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि किटवाल्याला बोलवायचं. व्हॉल्व्ह डिकीत सिलिंडरच्या तोंडाशी असतो, तो घरातल्या सगळ्यांना माहीत हवा. आणि पंपावर उभं राहून पक्कड, स्क्रू ड्रायव्हर काढायचे नाहीत, गाडी ढकलून बाहेर न्यायची. तुम्ही बाजूला घेतलीत ते उत्तम केलंत.

नेरुळ_पोडियम
दुपारी १२.४०

माझा प्रश्न थोडा निराळा. आमच्या पोडियम पार्किंगमध्ये गाडी बरेच दिवस उभी होती, बॅटरी उतरली. आणि बॉनेटही उघडत नाहीये. बॅटरीमुळे बॉनेट अडकतं का?

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
दुपारी १२.५०

नाही. नेहमीच्या गाड्यांत बॉनेटचं लॉक निव्वळ तारेवर चालतं, विजेचा संबंध नाही. तुमचे दोन वेगळे बिघाड एकदम आलेत. उभ्या गाडीत लॉकची वंगणं सुकतात, धूळ बसते, हूक चिकटतो. तुमच्यासाठी घोडबंदरींचा उपाय, एकजण आत, एकजण बाहेर. गिअरवाली गाडी असेल आणि बॅटरीत थोडा जीव असेल तर ढकलून दुसऱ्या गिअरला सुरू होईल. ऑटोमॅटिकमध्ये ते जमत नाही. गाडीच्या खालून स्टार्टरला जंप द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पोडियमला उंदीरही बघा. केबलची नळी कुरतडली की पाणी शिरतं आणि तार आत गंजते.

खाडीकिनारा, ऐरोली
दुपारी १.०५

काका, समोरून कसं जायचं? माझ्या गाडीला ग्रिलच्या वरच्या बाजूला अरुंद जाळी आहे. मोबाइलचा टॉर्च मारला तर आत काळं काहीतरी दिसतं.

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
दुपारी १.३०

इंजिन पूर्ण थंड झालेलं हवं आणि किल्ली गाडीतून बाहेर. इतकं का म्हणतोय? रेडिएटरचा पंखा विजेचा असतो. काही गाड्यांत इंजिन गरम असेल तर किल्ली काढल्यावरही तो आपोआप फिरायला लागतो. ग्रिलमधून किंवा खालून हात आत असताना पंखा सुरू झाला तर बोटं जातात. तासाभराने करा, संध्याकाळी करा, पण थंड गाडीवर करा.

मोबाइल व्हिडिओवर टाका, टॉर्च चालू ठेवा, आणि तो जाळीला टेकवून वरच्या दिशेने हळूहळू फिरवा. मग स्क्रीनवर थांबवून बघा. मधोमध लॉकची पट्टी दिसेल, तिच्यात उभी खाच आणि खाचेत कडी अडकलेली. बाजूला, नळी जिथे येऊन संपते, तिथून तुटक्या तारेचा शेपूट आणि तो ज्या खटक्यात गेलाय तो खटका. तेवढाच आपल्याला हवाय. केबल ज्या बाजूने येते, त्याच बाजूला खटका ढकलायचा, कारण तार त्याला तिकडेच ओढत होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा बहुधा केबलही उजवीकडून येते. समोर उभं राहिलात की ती तुमची डावी बाजू. उलटं ढकललं तर कितीही जोर लावा, सुटणार नाही.

लांब दांड्याचा सपाट स्क्रू ड्रायव्हर घ्या. पुढची दांडी थोडी चिकटपट्टीने गुंडाळा, म्हणजे ग्रिलला ओरखडे येणार नाहीत. जाळीतून वाट नसेल तर ग्रिलच्या वरच्या क्लिपा निघतात का बघा. तेही नसेल तर गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घेऊन इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं आणि बंपरच्या मागून वर हात घालायचा. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर आहे, त्याच्या पात्या नखानेही वाकतात आणि नळीला छिद्र पडलं तर एसीचा गॅस गेला. पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्यापुढे सरकवून ठेवा, मग हत्यार आत घाला.

खटका ढकलताना दुसऱ्याने वरून बॉनेट दाबायचं. दाबल्याशिवाय कडीचा सगळा ताण हुकावर असतो.

सवय नसेल तर जवळच्या मिस्त्रीला बोलवा, पण त्याला आधी ही तार दाखवा आणि कुठे संपते ते सांगा. त्याचा वेळ आणि तुमचा बंपर दोन्ही वाचेल.

मोगरा, नौपाडा
दुपारी २.१५

काका, काही गाड्यांत लिव्हर डाव्या बाजूला असतो, युरोपात डाव्या स्टिअरिंगसाठी बनलेल्या. मग केबलही डावीकडून येईल ना?

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
दुपारी २.२०

हो. म्हणून व्हिडिओ आधी. नळी कुठून येते ते डोळ्यांनी बघायचं आणि तिच्याकडे ढकलायचं.

खाडीकिनारा, ऐरोली
शनिवार, संध्याकाळी ७.४०

उघडलं! बंपर जागेवर, ग्रिल जागेवर, रंगाला ओरखडा नाही.

रबाळ्याच्या एका गॅरेजमधले मिस्त्री घरी आले. ते आधी बंपरच म्हणत होते. त्यांना तार लावून दाखवली आणि व्हिडिओ दाखवला, तेव्हा म्हणाले, मग जाळीतूनच बघू. जाळीच्या एका चौकोनातून स्क्रू ड्रायव्हर जेमतेम गेला. पहिल्यांदा टोक खटक्यावरून घसरत होतं. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हरऐवजी जाड तारेला पुढे छोटा आकडा करून घेतला, तो खटक्यात अडकवला आणि आपल्याकडे न ओढता डावीकडे ओढला. भाऊ वरून दोन्ही तळव्यांनी दाबत होता. खट्ट असा आवाज आला आणि पुढची कड बोटभर वर उठली.

लॉक उघडल्यावर नळीच्या तोंडाशी बघितलं. खटक्यातलं निपल तसंच होतं, त्यातून बोटभर तार बाहेर आलेली, टोकाला पिळ सुटून झाडूसारखी. नळीच्या तोंडावरचं रबर कधीच गळून गेलेलं. बोटाला तपकिरी चिखल लागला.

आता मिस्त्री म्हणतात केबल सोमवारी मिळेल. तोवर बॉनेट कसं ठेवू?

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
रात्री ८.००

अभिनंदन ताई. आता सगळ्यात महत्त्वाचं: बॉनेट आपटून बंद करू नका. नवी केबल बसेपर्यंत गाडी घरीच उभी राहणार असेल तर कडी आणि हूक यांच्यामध्ये जाड कापडाची घडी ठेवून बॉनेट नुसतं टेकवून ठेवा. पण तसं टेकवलेलं बॉनेट घेऊन रस्त्यावर जायचं नाही, पाम बीच रोडला तर नाहीच. वेगात वारा बॉनेटखाली शिरतो आणि दुसऱ्या खटक्यावर सगळा भार येतो. तोही जुना, गंजलेला असतो.

गाडी हलवावीच लागणार असेल तर खटक्यातल्या निपलच्या छिद्राला बारीक पण मजबूत तारेचा फास बांधा, त्याचं टोक जाळीच्या आतल्या बाजूला, बोटाने सापडेल पण बाहेरून दिसणार नाही असं ठेवा. फास पंख्याच्या किंवा बेल्टच्या बाजूला लोंबता कामा नये. मग बॉनेट बंद करायच्या आधी हे करा: स्क्रू ड्रायव्हरने हूक खाली दाबून लॉक रिकामंच बंद करा, कडी न अडकवता. आता फास ओढा. हूक सुटला तरच बॉनेट बंद करायचं. नवी केबल बसवल्यावरही हीच तपासणी, लिव्हर ओढून. न सुटणारं लॉक कळायची जागा बॉनेट उघडं असताना आहे, बंद झाल्यावर पुन्हा जाळीतून आकडा घालावा लागेल.

घोडबंदरी, मानपाडा
रात्री ८.१२

चालत्या गाडीत बॉनेट उघडलंच तर काय करावं तेही सांगा कुणीतरी. माजिवड्याच्या पुलावर एकाचं उघडलेलं बघितलंय, त्याने घाबरून करकचून ब्रेक मारला आणि मागचा धडकता धडकता राहिला.

रॅम्पवाला, तुर्भे
रात्री ८.२५

ब्रेक हळूहळू, हॅझर्ड लाइट चालू, लेन सरळ. काच झाकली गेली तरी बहुतेक गाड्यांत बॉनेट आणि डॅशबोर्डच्या मधल्या फटीतून, मान खाली करून, रस्ता दिसतो. नाही दिसला तर उजव्या खिडकीतून बघून कडेला घ्या. मागून येणाऱ्याला कळायला वेळ मिळाला पाहिजे.

बॉनेटमधून धूर येत असेल तर मात्र हा धागा विसरा आणि उघडायच्या नादाला लागू नका. वाफ असेल तर इंजिन बंद करून थांबा, कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नका. जळका वास आणि काळा धूर असेल तर सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. बंद बॉनेट उघडल्यावर आगीला एकदम हवा मिळते.

सीएनजीवाला, कोपरखैरणे
रात्री ८.४०

बॉनेटमध्ये नोझल असलेल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पेट्रोलवाल्याचं बॉनेट महिन्यातून एखाद्या वेळी उघडतं, आपलं दर गॅसला. ही केबल आपल्याकडे झिजणारच. सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्ट करावी लागते, त्याच वेळी केबलही बदलून घ्या. कंपनीच्या बाहेरची केबल काहीशे रुपयांत मिळते. जुन्या मॉडेलची मिळत नसेल तर कुर्ल्याला जुन्या पार्टच्या बाजारात मिळेल, पण केबल शक्यतो जुनी घेऊ नका, लॉक जुनं चालेल.

मी माझ्या गाडीत खटक्याला दुसरी बारीक केबल कायमची जोडून घेतली आहे. टोक उजव्या मडगार्डच्या अस्तरामागे आहे. मुख्य केबल तुटली तर अस्तराची एक क्लिप काढली की काम झालं.

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
रात्री ८.५५

दुसरी केबल मला पटत नाही. एकाच खटक्यावर दोन तारा आल्या की एक ढिली असताना दुसरी अडते, आणि अस्तरामागचं टोक चिखलाने जाम होतं ते कुणी बघत नाही. बॅटरी चोरणाऱ्यालाही ती वाट सोपी. एकच केबल, पण वेळेवर बदललेली, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

सीएनजीवाला, कोपरखैरणे
रात्री ९.०५

काका, तुमचा मुद्दा कळला, पण भर रात्री पंपावर रांगेत उभं राहणाऱ्याला ती दुसरी तार फार मोठा आधार आहे. टोकाला रबरी टोपी घाला आणि दर सर्व्हिसला ओढून बघा. मी ठेवणार.

खाडीकिनारा, ऐरोली
सोमवार, संध्याकाळी ६.३०

नवी केबल बसली. मिस्त्रींनी जुनी नळी काढायच्या आधी तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधली, नळी आतून ओढली तशी दोरी तिच्या वाटेने आत आली, आणि त्याच दोरीने नवी केबल पुढे नेली. अस्तर फार सोडवावं लागलं नाही. तुम्ही सांगितलेली रिकाम्या लॉकची तपासणी मी स्वतः करून घेतली, पहिल्या वेळी हूक अर्धाच सुटला. नळीचं टोक पट्टीत नीट बसलं नव्हतं. बसवल्यावर लगेच सुटला. हे बॉनेट बंद केल्यावर कळलं असतं तर पुन्हा आकडा घालून बसलो असतो.

काका, विचारलं होतंत ना लिव्हर जड लागत होता का. हो, दिवाळीपासून.

आता वंगण कुठे आणि कोणतं?

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
सोमवार, संध्याकाळी ७.१०

आधी लॉक डब्ल्यूडी-४० मारून, जुन्या टूथब्रशने घासून, फडक्याने पुसून काढा. ते साफ करायला उत्तम, पण त्यावरच सोडून देऊ नका, उडून जातं. मग पांढरं लिथियम ग्रीस, हुकाच्या पिनेवर, खटक्याच्या पिनेवर आणि दुसऱ्या खटक्याच्या स्प्रिंगवर, बोटाच्या टोकावर येईल इतकंच. जास्त भरलं की धूळ धरतं आणि पुन्हा जाम. कडीला नुसता हात पुसा. नळीच्या तोंडावर रबर बसवलंय ना ते बघा, आणि डॅशबोर्डच्या मागे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) केबल जिथे बाहेर पडते तिथलं रबरही पूर्ण बसलेलं हवं, नाहीतर जूनमध्ये तुमच्या पायाशी पाणी टपकेल. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हे करा.

नेरुळ_पोडियम
सोमवार, रात्री ९.२०

आमचंही उघडलं. मुलगा आत, मी बाहेर, तिसऱ्या दाबाला सुटलं. नळी खरंच कुरतडलेली आहे, हेडलाइटच्या मागे, आतली तार दिसतेय. टेप लावून चालेल का?

निवृत्त_फिटर, वागळे इस्टेट
सोमवार, रात्री ९.३०

टेप चालणार नाही, ती ताण घेत नाही आणि पाणी आत धरून ठेवते. केबल बदला. तोवर बॉनेट टेकवून ठेवा, बंद करू नका.